म्हस्कूचा कान

खोटं कशाला बोलू, म्हस्कूचं नाव कुणी काढलं की माझ्या पोटात दुखतं. आजचं न्हाय, सात वर्षं झाली दुखतंय. इंदापुरात हायवेच्या कडंला माझं गॅरेज हाय. मानसिंग मिस्त्री म्हणलं की सोलापूरपर्यंतचे ड्रायव्हर मान हलवतात. अठ्ठावीस वर्षं ह्या नखांतलं ग्रीस गेलं न्हाय. आणि माझ्याच हाताखाली पाना धरायला शिकलेला माणूस तिकडं कऱ्हाटीत पत्र्याच्या शेडात बसतो, दारावर पाटीसुद्धा न्हाय, तरी लोक पत्ता विचारत विचारत त्याच्याकडं जातात. मग जळफळाट व्हईल न्हायतर काय व्हईल?

म्हस्कू मूळचा मेंढरांमागचा. त्याचा बाप तात्याबा दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाच्या वाटंला लागायचा आणि पाऊस तोंडावर आला की माघारी फिरायचा. म्हस्कूचं तिशीपर्यंतचं आयुष्य त्या वाटंवरच गेलं. सारजा लग्न होऊन आली तीसुद्धा घोड्यावर बिऱ्हाड लादून मागनं चालत राहिली. पुढं चरायला रानं उरली न्हायत, तात्याबाचे गुडघे गेले, कळप विकला आणि हा बाबा माझ्या दारात येऊन उभा राहिला. तिशी उलटलेला गडी आता काय शिकणार, असं म्हणून मी त्याला गाड्या धुवायला ठेवलं.

महिना झाला नसंल. एक जीप धुवून त्यानं बाहेर काढली आणि माझ्यापाशी येऊन म्हणाला, हिच्या मागच्या उजव्या चाकात काहीतरी दुखतंय. दुखतंय! मी सगळ्यांसमोर हसलो त्याला. चौथ्या दिवशी त्या जीपचं तेच चाक भिगवणच्या अलीकडं जाम झालं, बेरिंगचा चुरा. तुला कसं कळलं रं, म्हणून विचारलं, तर म्हणाला (मला तो तात्याच म्हणायचा), अंधारात दोनशे मेंढरांतली कोणती खोकली ते ओळखावं लागतं तात्या, तीच सवय हाय. ह्यात मोठेपणा काय तो त्याच्या गावीही नव्हता. तेच मला जास्त झोंबलं.

सहा वर्षं राहिला माझ्याकडं. एकही स्क्रू कधी हरवला न्हाय त्यानं. सोडेल तसे बाटलीच्या बुचात घालून ओळीनं मांडायचा. दुसऱ्या मिस्त्रीनं केलेल्या कामाला नाव ठेवताना मी त्याला कधी ऐकलं न्हाय, आणि आमच्या धंद्यात आधीच्याला शिव्या घातल्याशिवाय बोनेट उघडत न्हायत. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा गावात शेड टाकतो म्हणाला. माझ्या पाया पडून, सगळ्यांना पेढे वाटून गेला. भांडून गेला असता तर बरं झालं असतं, शिव्या द्यायला तोंड तरी मोकळं राहिलं असतं.

आता जयवंतरावांचं सांगतो. वडगाव निंबाळकरचे मोठे बागायतदार, घरात पाच गाड्या. गेली वीस वर्षं बारामतीतली सगळी गॅरेजं मागं टाकून साठ किलोमीटर तुडवत माझ्याकडं येतात. ते येतात म्हणून त्यांची भावकी येती, पाहुणे येतात, सोसायटीतली माणसं येतात. हा एक माणूस हलला तर माझं निम्मं गॅरेज ओस पडंल, हे मला पक्कं माहीत हाय. त्यामुळं इतरांच्या गाडीला कापड मारत असंन तर त्यांची गाडी मी स्वतःच्या टॉवेलनं पुसतो.

गेल्या डिसेंबरात त्यांची जुनी गाडी आवाज करायला लागली. ती गाडी त्यांच्या आईची आवडती, म्हणून विकत न्हायत. ऊसतोड चालू, पहाटं फडावर जायचं, काचेवर धुकं बसायचं, आणि म्हातारीला मागं बसवलं की गुडघे गारठायचे. म्हणून हिटर लावावा तर पंखा टकटक टकटक टकटक. एकवर ठेवला तर गप्प, दोनवर गेला की सुरू, तीनवर म्हणजे ताशाच. आई म्हणती, थंडी परवडली पण हे बंद कर.

मी दोन मिनिटांत निकाल दिला, मोटर गेली. डावीकडचा कप्पा काढला, जुनी मोटर पंख्यासकट बाहेर ओढली, पुण्याहून नवी मागवून बसवली. काढताना खाली मॅटवर धुळीनं माखलेले थोडे तांदळाचे दाणे पडले. शेतकऱ्याच्या गाडीत दाणे असायचेच, झाडून टाकले. पंखा चारवर लावून दाखवला, चूं न्हाय का चां न्हाय. नवीन वस्तू बसवली म्हणून रीतीप्रमाणं पूजा केली, नारळ फोडला आणि गाडी दिली.

तिसऱ्या दिवशी फोन. आवाज परत आला.

परत बोलावली. आता मोटर तर नवी, मग काय? डॅशबोर्ड ढिला झालाय म्हणलं. पंखा काढून झटकून परत बसवला, सगळे स्क्रू आवळले, फटीफटीत फोम कोंबला, परत पूजा करून गाडी दिली. ह्यावेळी आवाज पाचव्या दिवशी आला. जयवंतराव फोनवर चिडले न्हायत, तेच वाईट. चिडलेलं गिऱ्हाईक सांभाळता येतं. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, मानसिंगराव, तुमी लई केलंत, आता जवळच कऱ्हाटीला तुमच्याकडं व्हता तो म्हस्कू शेड टाकून बसलाय म्हणतात, त्याला एकदा दाखवतो.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणलं, मीही येतो, नव्या मोटरची गॅरंटी हाय, कुणी वेडावाकडा हात घातला तर ती जाईल. खरं कारण तुमाला कळलंच असंल. त्याला हरताना बघायचं व्हतं मला. मोटर नवी, डॅशबोर्ड आवळलेला, आता हा काय काढतो ते बघू, असं मनात म्हणत सकाळच्या एसटीनं बारामतीला उतरलो आणि तिथनं जयवंतरावांच्या गाडीत बसलो. वाटेत तो पंखा वाजत व्हता आणि एकेक टक माझ्या डोक्यात बसत व्हता.

शेड बघून मी जरा खूश झालो, खरं सांगतो. पत्रा गंजलेला, जमीन मातीची. पण झाडून सारवून अशी ठेवलेली की माझ्या फरशीला लाज वाटावी. मला बघताच म्हस्कू हातातलं काम टाकून आला, वाकून पाया पडला, घरातली एकुलती खुर्ची मला दिली. सारजानं चहा आणला. जयवंतरावांना तो म्हणाला, हे माझे गुरू. चहा बेताचा गोड व्हता, नेमका मला लागतो तसा, आणि त्याचाही मला राग आला.

त्यानं पाना हातात घेतलाच न्हाय. आत बसला, गाडी बंदच ठेवली, नुसती चावी फिरवून पंखा लावला. एक. दोन. तीन. मग बंद केला आणि पंखा थांबेपर्यंत डोळे मिटून बसला. परत लावला, परत बंद केला. असं पाच-सहा वेळा. मला हसू आवरंना. शेवटी दरवाजा उघडून म्हणाला, मोटर चांगली हाय. पंख्याच्या पात्यात काहीतरी नाचतंय. हलकं हाय, आणि एक न्हाय, बरेच हायत. पंखा थांबताना ते खाली पडल्याचं ऐकू येतंय.

आत काढून टाकलं तरी परत येतंय म्हणजे वरनं येतंय, असं म्हणून तो बोनेटपाशी गेला. वायपरच्या खाली, काचेच्या बुडाशी जी जाळी असती ना, तिथनं बाहेरची हवा पंख्याकडं जाती. ह्या जुन्या गाडीत मधी फिल्टरही न्हाय. अठ्ठावीस वर्षांत हजार वेळा बघितलेली जाळी, आणि मी ह्या गाडीची उघडली नव्हती. तेवढ्यात जयवंतरावांना फोन आला, ते बोलत बोलत रस्त्याकडं गेले. म्हस्कूनं वायपर काढले, जाळी उचलली, आत हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढली.

तांदूळ. कुंकवानं लाल झालेले, हळदीत पिवळे पडलेले. अक्षता.

ह्या मुलखात माझ्याइतकी मन लावून गाडीची पूजा कोणताच मिस्त्री करत न्हाय. दसऱ्याला सगळी गिऱ्हाइकं माझ्या दारात गाड्या लावतात, आणि मी स्वतःच्या हातानं काचेच्या बुडाशी अक्षता वाहतो. बाकीच्यांना चिमूटभर. जयवंतरावांच्या गाडीला ओंजळभर, म्हणजे त्यांना दिसावं की आपला मान वेगळा हाय. आणि मोटर बसवली तेव्हा वाहिल्या. फोम कोंबला तेव्हाही वाहिल्या. म्हणजे मी गाडी दुरुस्त करून द्यायचो आणि जाताना आवाज परत भरून द्यायचो. चार खड्डे लागले की दाणे घरंगळत पंख्यात.

म्हस्कूनं मुठीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. त्यानं सहा दसरे माझ्या गॅरेजात काढलेत, अक्षतांचं ताट तोच धरायचा. जयवंतराव फोन ठेवून माघारी यायला लागले, तशी त्यानं ती मूठ गपकन सदऱ्याच्या खिशात टाकली.

काय सापडलं, म्हणून त्यांनी विचारलं.

"पाला व्हता, पाटील," म्हस्कू म्हणाला. "गाडी लिंबाखाली लावता ना? वाळलेल्या निंबोळ्या आत जातात. तात्यांनी मोटर बदलली ते बरंच केलं, जुनी न्हायतरी गेलीच असती. आता मी जाळीखाली बारीक तारेचं कापड लावून देतो."

पैसे विचारले तर म्हणाला, तात्यांच्या गिऱ्हाइकाकडनं काय घ्यायचं. जाताना परत माझ्या पाया पडला. खाली वाकला तेव्हा त्याच्या खिशातनं दोन दाणे माझ्या चपलेवर पडले.

जयवंतराव मला बारामतीच्या स्टँडवर सोडायला निघाले. पंखा तीनवर व्हता आणि नुसता वाऱ्याचा आवाज येत व्हता. इतकी वर्षं मला वाटायचं, देवानं ह्याला कान दिला आणि मला दिला न्हाय, एवढंच दुखणं हाय. त्या शांत गाडीत बसून मला कळलं की मी त्याच्या जागी असतो तर ती मूठ जयवंतरावांच्या नाकासमोर धरून उघडली असती, वर चार माणसं गोळा केली असती. कान मिळाला असता तरी मी म्हस्कू झालो नसतो. हे कळल्यावर माणसानं शहाणं व्हावं. मी आणखी जळलो.

तेवढ्यात जयवंतराव म्हणाले, "मानसिंगराव, एक विचारतो. आईचं वय झालं, मला आता साठ किलोमीटर जिवावर येतं. कऱ्हाटी जवळ पडंल. पण तुमी हो म्हणलात तरच पाची गाड्या त्याच्याकडं देईन. तुमच्या हाताखालचा माणूस हाय, तुमच्याइतकं त्याला कोण ओळखतं? कसा हाय?"

त्याच्यासारखा मिस्त्री पुणे जिल्ह्यात न्हाय, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार व्हतं. खरंच व्हतं.

"कान चांगला हाय त्याचा," मी म्हणलं. "पण हात कच्चा हाय अजून. आज मी उभा व्हतो म्हणून निभावलं."

जयवंतरावांनी मान हलवली.

"बरं झालं विचारलं," ते म्हणाले. "वीस वर्षांत तुमी मला कधी खोटं सांगितलं न्हाय."

स्टँड आलं. मी उतरलो. त्यांनी आतनं हात जोडले, मीही जोडले.