येत्या शनिवारचा कार्यक्रम

कोल्हापुरात फळा वाचून लोक लेखकाचं भाषण ऐकायला येतात, यावर ठाम विश्वास असलेला अखेरचा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. त्यांचं पुस्तकांचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा दुकानाबाहेरचा फळा त्यांना प्यारा होता. येत्या शनिवारचा लेखक, रविवारी मुलांसाठी गोष्ट, पुढच्या आठवड्यात काव्यवाचन, असं सगळं ते त्यावर स्वतःच्या हातानं लिहीत. समोरच्या चहावाल्याला, रिक्षात शेजारी बसलेल्याला, दाढी करणाऱ्यालाही तोंडी आमंत्रण असे. सगळे येतो म्हणत आणि मामा ते खरं मानत. मुलांच्या गोष्टीच्या दिवशी गावात फुटबॉलची मॅच निघाली आणि एकही मूल आलं नाही, तेव्हा ठरलेली हत्तीची गोष्ट मामांनी मला आणि बायकोला साभिनय सांगितली. आमची दोघांचीही पंचेचाळिशी केव्हाच उलटली होती. दुकान भरलं ते एकदाच. कोडोलीचा एक कवी टेम्पो भरून नातलग घेऊन आला. मामा हरखून गेले. पोहे संपले, फोटो निघाले आणि तिसऱ्या कवितेला कवी, मी आणि मामा एवढेच उरलो. "पण आल्ती की माणसं," असं मामा पुढं महिनाभर सांगत होते.

यंदा जागामालकानं ती जागा मोबाइलच्या दुकानाला द्यायचं ठरवलं. शेवटच्या शनिवारी गडहिंग्लजहून एक निवृत्त एसटी कंडक्टर आले. नोकरीतल्या आठवणींचं त्यांचं पहिलंच पुस्तक. समोर आम्ही दोघं नवराबायको आणि नववीचं गाईड बदलून घ्यायला आलेल्या एक बाई. एरवी लेखकाची ओळख पाऊण तास करून देणारे मामा उभे राहिले. "पावणं, माफ करा. माणसं न्हाईत. ऱ्हाऊ द्या आता," एवढंच म्हणाले.

कंडक्टरांनी शांतपणे पुस्तक उघडलं. "रिकामी गाडी बी गडहिंग्लजपतोर न्यावीच लागती की, मामा. बसा तुम्ही."

ते तासभर बोलले. बाईही गाईड मांडीवर ठेवून थांबल्या. मामा पहिल्यांदाच श्रोत्यांत बसले होते आणि पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते.

आता ते कळंब्याला लेकाकडं असतात. परवा भेटायला गेलो होतो. निघताना त्यांनी विचारलं, "जावईबापू, शनिवारी गावात कुणाचं भाषण हाय काय?"

मला काहीच ठाऊक नव्हतं. आहे, म्हणालो. कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही.