तिच्या नावानं माही पाठ

हे म्या आजवर कोनालेच सांगतलं नाही. तुमाले वाटत असन, यानं दारू पेऊन गाडी ठोकली असन, नाहीतर पोट्टी पळवली असन. नाही ना बाप्पा! म्या फकत नक्कल केली. नकला तर मी शाळेपासून करतो — हेडमास्तरची, कंडक्टरची, सरपंचाच्या बोकडाची बी. पन ह्या नकलेले कोनी हासलं नाही. हासन कसं? कोनाले समजलीच नाही.

अमरावतीत मी ज्या साहेबांकडं कामाले आहो, तिथं वाकड्या पाठीसाठी प्लास्टिकचं जाकीट बनते. मानूस गोल फळीवर उभा करायचा, फळी फिरते, कॅमेरा त्याचं अंग चारी बाजूनं कॉम्प्युटरात घेते. मंग मशीन आपल्या मनानं लाल ठिपके टाकते — खांद्याचं टोक, कमरेचं हाड, मणके. त्याच ठिपक्यांवर जाकीट बनते.

परतवाड्याची वैष्णवी आली होती. पंधरा वर्षांची, माह्याच उंचीची, माह्यासारखीच काडी. माय झेंडू इकते. दिवसाचा धंदा सोडून जीपनं घेऊन आली होती. स्कॅन चांगला झाला. पन त्याच फोल्डरात फळीवर उभं राहून केलेले माह्ये चाळे होते — ढेरी काढून साहेब झालेला मी, कमरेत वाकून म्हातारा झालेला मी. त्या दोघी गेल्या अन् साहेब येताना दिसले. म्या घाईघाईनं सारंच पुसलं. तिचा स्कॅन बी गेला.

फोन करून परत बोलावता आलं नसतं का? आलं असतं. पन मंग चाळे बी निंगाले असते, नोकरी गेली असती... साहेब जेवाले गेले, अन् म्या शर्ट काढला. उजवा खांदा पाडला. डावी कंबर उचलली. ती लाजून मान घालून उभी होती, तशी मान बी घातली. फळी फिरली.

ठिपके पडले. एकबी इकडचा तिकडं नाही. वर तिचं नाव, खाली माही पाठ. अंगावर काटा आला — अन् खोटं काहून बोलू? — जरासा गर्व बी वाटला.

जाकीट नेल्यावर महिन्यानं ती आली, तं बरगडीवर फोड. माय तिच्यावरच खेकसली, "नखरे करते! नीट घालत नाही!" साहेबांनी कॉम्प्युटरात पाह्यलं — ठिपके बरोबर. म्हने, सवय होईन. वैष्णवीनं माह्याकडं पाह्यलं. मी? मी वायर गुंडाळत बसलो.

नंतर तिच्या मायचा फोन आला. पोरीनं जाकीट फेकून देल्लं होतं. पाठ अजून वाकली होती. आता कोनाचंच ऐकत नाही म्हने.

तवापासून म्या एकबी नक्कल केली नाही. पन रोज सकाळी मशीन तपासाले मलेच फळीवर उभं राहा लागते. काल राह्यलो — ताठ, राष्ट्रगीताले राहातो तसा. फळी फिरली. ठिपके पडले.

उजवा खांदा खाली. डावी कंबर वर.

साहेब मागंच उभे होते. "लाज नाही वाटत बे? त्या पोरीची पाठ वाकून चालली, अन् तू तिच्या नकला करून राहिला? सरळ उभा राय! सरळ म्हनलं ना — काहून वाकडा होऊन राहिला अजून?"