पाऊण तासाची मुंबई

आमच्या कंपनीचे ड्रायव्हर मामा किलोमीटर मानत नसत. वाळूजहून पैठण किती लांब, असं विचारलं की ते उलट विचारत, "निघनार कवा?" त्यांच्या मते प्रवास गाडीत बसल्यावर नाही, जायचं ठरल्यावर सुरू व्हायचा. गुलमंडीच्या बाजारात जाताना माझ्या बायकोनं नेसायची साडी निवडायला घेतलेला वेळही ते त्यात धरत.

हे वळण मेंढरांचं. त्यांची अर्धी हयात पैठणकडच्या माळांवर कळपामागे गेली होती. "मेंढरू चालतंय बेस," ते म्हणत, "पर उठवन्यातच सकाळ जाती. तो येळ खरा." वाळूजला कारखाने आले तेव्हा त्यांनी स्टिअरिंग धरलं, काठी मात्र सीटखाली असायचीच. मुंबईचे साहेब पाऊण तासाच्या विमानाचं कौतुक सांगू लागले, की मामा आरशातून बघत म्हणत, "व्हय, पर इमानाची वाट बघितली ते कोन धरनार?" आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच.

मग एका सकाळी मुंबईहून फोन आला. वडील अत्यवस्थ होते. त्या दिवसाचं विमान निघून गेलेलं, आणि विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनामुळे रस्ते जागोजागी अडवलेले. मी म्हणालो, उद्याच्या विमानानं जातो, पाऊण तासात पोचेन. मामांनी गाडीचं दार उघडलं.

"आत्तापासून धरा साहेब. उद्याचं इमान म्हंजी एक दिस न् एक रात. चला."

गंगापूरच्या अलीकडे रस्त्यावर माणसं बसली होती. मामा उतरले, त्यांच्यात जाऊन बसले, माझ्या वडिलांचं सांगितलं. मी गाडीत घड्याळ बघत चरफडत होतो. अर्ध्या तासानं एका म्हाताऱ्यानं स्वतः दगड बाजूला केले. तरीही पुढे गेल्यावर मी त्या लोकांवर तोंडसुख घेतलंच. मामांनी गाडी हळू केली.

"नावाचा ठराव होऊन किती वर्सं झाली साहेब? त्यांचा परवास तवापासून मोजा. आपला अर्धा तास काय घेऊन बसलात?"

मला लाज वाटली. पुढे रस्ता पुन्हा बंद दिसला, तिथे त्यांनी गाडी मेंढरांच्या जुन्या वाटेला घातली.

संध्याकाळी पोचलो. वडिलांनी मला ओळखलं, माझ्या हातून दोन घोट पाणी घेतलं. पहाटे ते गेले. माझं विमान सुटायला तेव्हा अजून अवकाश होता.

पुढे माझी मुंबईला बदली झाली. मामा म्हातारपणी गावी परतले. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं त्यांचं एक पोस्टकार्ड आलं. डोळे गेलेत, एकदा येऊन जावा. जाऊ की, पाऊण तास तर लागतो, असं मी म्हणत राहिलो.

शेवटी गेलो, तो विमानतळावरून थेट त्यांच्या दारात. मामा उन्हाळ्यातच गेल्याचं त्यांच्या सुनेनं सांगितलं. "मामंजींनी लई वाट बघितली," ती म्हणाली. "साहेब निघाले असतील, म्हनायचे."

मग चहा पुढे करत तिनं सहज विचारलं, "मुंबैहून यायला किती येळ लागला?"

"तीन वर्षं," मी म्हणालो.