भग्नपृष्ठ

आमच्या सरांच्या पाठीला कुबड होतं आणि जिभेला हाड नव्हतं. पहिल्या गोष्टीवर हसायचं पोरांच्या मनात फार असे, पण दुसरीमुळे कुणाची छाती होत नसे. मंगळवार पेठेतल्या एका हायस्कुलात ते चित्रकला शिकवायचे. मी उचगावहून बसने यायची. आठवीत असताना त्यांनी माझी वही वर्गासमोर धरून सांगितलं, "बघा रं, अक्षर देवानं दिलंय, डोकं द्यायला इसरला." वर्ग हसला, मीही हसले. त्यांच्या वर्गात सगळ्यांबरोबर हसणं हाच एक बचाव होता.

ते कुणालाच सोडायचे नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तोतऱ्या मुलाला मुद्दाम उभं करून रंगांची नावं म्हणायला लावायचे. हेडमास्तरांच्या तोंडावर त्यांच्या टोपाची चौकशी करायचे. स्वतःला लहानपणी गल्लीनं जे दिलं ते हा माणूस व्याजासकट परत करतोय, असं माझी आई म्हणायची. आईला तेव्हा त्यांची कीव यायची. मला कधी आली नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा मी कॉलेजात संस्कृत घेतलं होतं. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. त्यांनी निरोप धाडला की एक पुस्तक लिहायचंय, हात थरथरतो, लिहून द्यायला ये. मी गेले. का गेले याचं खरं उत्तर असं की मला कुणीतरी निवडलं होतं, आणि तोवर मला कुणी कशासाठी निवडलं नव्हतं.

पुस्तक एका साधूवर होतं. सीमाभागातल्या एका खेड्यात जुनी जैन बस्ती आहे, म्हणजे त्यांचं देऊळ. तिथलं छत रंगवायला सर तरुणपणी गेले होते, तेव्हा एका पेटीत त्यांना पाच पोथ्या दिसल्या. पाचही एकाच साधूच्या हातच्या, पाचेकशे वर्षांपूर्वीच्या. एकीत चित्रं, बोटाएवढी माणसं आणि त्यांचे ते लांब डोळे. एकीत पदं, प्रत्येकावर राग लिहिलेला. एकीत औषधं. एकीत मूर्ती घडवायची मापं. पाचवीत शाई आणि रंग करायच्या कृती: काजळी किती घोटायची, हिंगूळ कशात खलायचा, चुकलेलं अक्षर झाकायला पिवळा हरताळ कसा लावायचा. आपण 'हरताळ फासला' म्हणतो तो हाच, हे मला सरांनीच सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज इतका मऊ झाला होता की मी मान वर करून पाहिलं.

या माणसानं आपलं नाव कुठंच लिहिलं नव्हतं. शेवटी गुरूचं नाव होतं आणि त्याखाली, पाचही पोथ्यांत, एक ओळ होती. तिचा अर्थ असा की पाठ, कंबर, मान मोडून, नजर खिळवून, तोंड खाली घालून हे कष्टानं लिहिलंय, जपून ठेवा. त्या ओळीतला पहिलाच शब्द 'भग्नपृष्ठ'. मोडलेल्या पाठीचा.

सरांचं संस्कृत शाळेतलं, तेही विसरलेलं. पण हा शब्द त्यांनी त्या पेटीपाशी बसून वाचला आणि जागचे हलले नाहीत. साधू कुबडा होता. चित्र काढणारा, पदं रचणारा, मूर्ती घडवणारा, औषध देणारा आणि कुबडा. मी पहिल्या आठवड्यात शंका काढली होती की ओळीत कंबर आणि मानसुद्धा मोडलेली आहे. सर म्हणाले, "कुबड आलं की कंबर बी जाती आन् मान बी जाती. मला इचार की." मी शब्दकोश काढला, भग्न म्हणजे मोडलेलं, पृष्ठ म्हणजे पाठ. बरोबर होतं.

मग सगळं पुस्तक त्या पाठीवर उभं राहिलं. चित्रांतली माणसं वर बघतात, कारण काढणारा जगाकडं खालून बघत होता. समासात एक वाकलेला इसम रंग घोटतोय, तो साधू स्वतः. पदांत देवाच्या पायांचं वर्णन फार आहे, कारण त्याला पायच आधी दिसत. औषधांच्या पोथीत पाठदुखीवर सात काढे आहेत, ते त्यानं स्वतःवर करून बघितले. सर खुर्चीवर तिरके बसून सांगत, मी जमिनीवर बसून लिहीत असे. मजकूर त्यांनी तीनदा बदलला आणि मी तीनदा सगळा उतरवून काढला. संध्याकाळी उचगावला उतरले की माझी पाठ सरळ व्हायला बसस्टॉपपासून घरापर्यंतची वाट लागे.

एम.ए. झाल्यावर मला वारणानगरच्या पुढं एका म्हाताऱ्या पंडितांच्या घरी काम मिळालं. त्यांच्या वाडवडिलांनी जमवलेल्या पोथ्यांची यादी करायची होती. पंडित मूळचे बेळगावकडचे, बोलण्यात कन्नडचा हेल. दुसऱ्या दिवशी घोड्यांच्या रोगांवरची एक पोथी निघाली. शेवटचं पान उलटलं तर तीच ओळ. पाठ, कंबर, मान. तिसऱ्या दिवशी पंचांगाखाली तीच. मग पाककृतींखाली, मग एका व्याकरणाखाली, प्रत्येकीचं अक्षर वेगळं, गाव वेगळं. मी पंडितांना विचारलं की हे सगळे कुबडे होते का.

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "अक्का, पत्राच्या शेवटी तू 'कळावे, लोभ असावा' लिवतीस का न्हाई? म्हून काय पोस्टमनला बी तुझा लोभ असतोय? पोथी उतरवणारा ही वळ लिवतोयच. रीत हाय ती. बसून बसून पाठ मोडली, येवढंच."

मी त्याच दुपारची बस धरली आणि थेट मंगळवार पेठेत उतरले. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे केलं त्यावरून कुणाला वाटेल की मला सांगायचंच नव्हतं. सांगायचं होतं. वाटेत मी वाक्यसुद्धा जुळवलं होतं, जरा हळू लागेल असं.

सर त्यांच्या घराच्या दारातच होते. मी म्हटलं, "सर, त्या शेवटच्या ओळीबद्दल बोलायचं होतं. मला एक वेगळा अर्थ सापडलाय."

त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. "तुला सापडला? तुमच्या लोकांनी पाली शिकावी, आमी काय नगं म्हटलंय व्हय? संस्कृतात नाक खुपसू नगंस. लिव म्हटलं की लिवायचं."

माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला. त्यानंतर आमच्या घरात 'तुमचे लोक' हे दोन शब्द कुणी सहज ऐकून घेतलेले नाहीत. मी चप्पल काढली, आत गेले, जमिनीवर बसले आणि वही उघडली. म्हटलं, सांगा सर.

पुढं वर्षभर मी लिहीत राहिले. त्यांना एकदाही अडवलं नाही. उलट एका जागी त्यांनी 'साधू बहुधा कुबडा असावा' असं सांगितलं होतं, ते मी 'साधू कुबडा होता' असं केलं आणि वाचून दाखवलं. त्यांना ते फार आवडलं. "आता कसं वाक्य ताठ झालं," म्हणाले. त्या एका 'बहुधा'नं त्यांना पुढं वाचवलं असतं, हे मला ते खोडताना पक्कं माहीत होतं. मनात राग होता असंही म्हणवत नाही. राग पहिल्या महिन्यात संपला होता, नंतर नुसती मजा येत होती. महिन्याकाठी पंडितांच्या घरून मी त्या ओळीची एक झेरॉक्स आणायची आणि फाइलला लावायची.

दोन हजार साल उलटल्यावर पुस्तक छापून आलं. प्रकाशनाला हॉल भरला होता. सरांचे तीस वर्षांतले विद्यार्थी आले होते, ज्यांची त्यांनी वही धरून शोभा केली होती ते सगळे, फेटा बांधून. बाहेरगावचे एक प्राध्यापक पाहुणे होते. त्यांनी प्रस्तावना लिहिली होती आणि तीत त्या कुबडाचं 'कलेचं धनुष्य' वगैरे करून ठेवलं होतं. आभार मानायला मला उभं करायचं ठरलं होतं. अशा कार्यक्रमात आभार मुलीकडंच असतात.

स्टेजच्या मागं मी पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं. ऋणनिर्देशात पंधरा नावं होती, प्रेसमधल्या कंपोझिटरचंही होतं. तळाला लिहिलं होतं, 'लेखनसाहाय्य: एक विद्यार्थिनी'. सर शेजारीच होते. मी ओळीवर बोट ठेवलं. ते म्हणाले, "साधूनं तरी कुठं आपलं नाव लिवलंय?" आणि खूश होऊन हसले. त्यांना खरंच वाटलं होतं की ते माझा मान करतायत. हे मला आज कळतं. तेव्हा मी फाइल काखेत मारली आणि माइकपुढं गेले.

पाहुण्यांचे आभार मानले, हॉलवाल्यांचे मानले. मग म्हटलं की सगळ्यात शेवटी काही जुन्या लेखनिकांचे आभार मानते, आणि फाइल उघडली. घोड्यांच्या रोगांची पोथी, लिहिणाऱ्याची पाठ मोडली. पंचांग, पाठ मोडली. लोणच्यांच्या कृती, पाठ मोडली. अकरा कागद होते. पाचव्यानंतर हॉलमध्ये कुजबुज झाली, सातव्याला लोक हसू लागले. मी थांबत थांबत वाचत होते, जसं सर तोतऱ्याला रंगांची नावं म्हणायला लावायचे. शेवटी 'कळावे, लोभ असावा'चं पंडितांचं उदाहरण दिलं आणि सांगितलं की ही नुसती रीत आहे.

प्राध्यापक माइकशिवायच म्हणाले, "मला शंका होतीच." मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "मग कुबड कुणाचं?" दुसरा म्हणाला, "सरांचंच की."

सगळा हॉल हसला. तीस वर्षांचं साठलेलं हसू होतं ते, लवकर आटपलं नाही. मी सरांकडे बघून हसले, त्यांना दिसेल अशी. ते खुर्चीच्या पाठीला टेकायचा प्रयत्न करत होते. त्यांना टेकता येत नाही, हे ते विसरले होते.

चौथ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एसटीडी बूथवर त्यांचा फोन आला. ये म्हणाले, बाकी काही नाही. मी शिव्या खायची तयारी करून गेले. खोलीत पुस्तकांचे गठ्ठे भिंतीला लावलेले, सुतळी न सोडलेले. सरांनी विचारलं, "कवापास्नं ठावं हुतं तुला?"

"वर्ष झालं."

"म्हंजे त्या दिवशी आलीवतीस ते हेच सांगाया."

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मग नेहमीसारखं बोटानं जमिनीकडं दाखवलं. मी बसले. ते म्हणाले, "शुद्धिपत्र करायचं. छापून परतेक पुस्तकात डकवायचं. लिव. पान अठरा, वळ चार. 'कुबडा' याऐवजी 'ताठ' असं वाचावं."

मी लिहिलं. पान बावीस, 'कुबडा'ऐवजी 'ताठ'. पान एकतीस, 'पाठीच्या व्यंगामुळे' हे शब्द गाळून वाचावेत. पुस्तक मांडीवर घेऊन ते एकेक जागा काढत होते आणि प्रत्येक जागेवर नखानं खूण करत होते. अर्धं पुस्तक झाल्यावर थांबले. खिडकीकडं बघत म्हणाले, "पाचशे वरसांत येकच गावला हुता."

ती ओळ सगळेच लिहायचे. तिच्यावरून साधू कुबडा होता असं ठरत नव्हतं, तसंच तो ताठ होता असंही ठरत नव्हतं. रीत पाळणारा कुबडा असूच शकतो. सरांना हे सुचलं नव्हतं, प्राध्यापकांना नाही, हॉलमध्ये कुणालाच नाही. मला त्या खोलीत, वही मांडीवर असताना, लख्ख दिसलं. 'बहुधा' हा एक शब्द परत घातला असता तर पुस्तक टिकलं असतं, आणि सरांचा माणूस त्यांच्यापाशी राहिला असता. तोंड उघडायचंच काय ते बाकी होतं.

मी पेन झटकलं आणि विचारलं, "पुढचं पान कुठलं, सर?"