नाकाचं ऑपरेशन आणि पेचकस

धाडच्या बसस्टँडजवळ आमचं दुकान आहे. विहिरीवरच्या पंपांच्या मोटरी दुरुस्त करतो. तांब्याची तार मी भरते, बाकीचं आमचे हे बघतात. म्हणजे ऐकतात. पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक चालू मोटरीवर, मूठ कानामागच्या हाडावर, की बेअरिंगचं दुखणं ह्यांना कळतं.

ह्यांचं नाक वर्षानुवर्षं चोंदलेलं. डावा कान लहानपणापासून बहिरा, आणि गेल्या वर्षी उजवाही बंद झाला. गिऱ्हाईक बोलायचं, हे नुसती मान डोलवायचे.

"तुम्हाले ऐकू येत नाही. डॉक्टरले दाखवा."

"पेचकसानं तं साफ ऐकू येते मले! तूच हळू बोलून राह्यली."

मी हळू बोलते, हा आरोप माझ्यावर आयुष्यात एकदाच झाला.

शेवटी बुलढाण्याला नेलं. डॉक्टरबाईंनी दोन पायांचा लोखंडी काटा वाजवून कानासमोर धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. हाडावर आवाज मोठा ऐकू आला. ह्यांनी माझ्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं.

"काका, हाच तर आजार," बाई म्हणाल्या. "नाकामागून कानात हवा नेणारी नळी सुजलीय, पडद्याआड पाणी साचलंय. बाहेरचा आवाज अडतो, हाडातला पोचतो. सायनसचं ऑपरेशन करू. बहुतेक कानही सुधारेल, पण हमी देत नाही."

परतीच्या बसमध्ये हे खिडकीच्या दांडीला कानामागचं हाड टेकवून बसले. धाड आल्यावर म्हणाले, "होता तो कान बी गेला तं मोटर कशी पाहू?"

ऑपरेशन झालं. नाक मोकळं झालं, कान बंदच. सूज उतरायला वेळ लागतो, असं बाईंनी सांगितलं होतं. हे रोज मिठाच्या पाण्यानं नाक धूत, आणि अख्ख्या गल्लीला ते कळत असे.

दीड महिन्यानं चहाचा घोट गिळताना कानात टक् झालं. हे तसेच दुकानात धावले, चालू मोटरीला पेचकस लावला, पुन्हा लावला. "गेला कान. मोटर बारीक ऐकू येते."

"त्याच कानात बोट घाला, अन् पुन्हा लावा."

घातलं. "आता मोठी येते!"

"मंग? बंद होता म्हणून मोठी येत होती. आता उघडला."

पटलेलं दिसलं नाही. मी मागच्या खोलीत तार भरायला बसले आणि पुटपुटले, "आज नुसतं पिठलं करते."

"काऊन?" हे बाहेरून ओरडले. "वांगे आनले ना मी!"