लेकीला आणायला अंदमानात

उदगीरच्या बाजारात माझ्याशी घासाघीस करून जिंकलेलं माणूस मला आठवत नाही. नवरा गेला तेव्हा दिरांनी सामाईक दुकानाची पायरी चढू दिली नाही. मी जळकोटच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून स्टीलचे डबे विकायला बसले. आज भांड्यांचं दोन मजली दुकान माझ्या एकटीच्या नावावर आहे, आणि ते मी एकुलत्या एका लेकीसाठी उभं केलं. ती नांदेडला प्राणिशास्त्र शिकली. पुढे पुण्याला बँकेच्या परीक्षेचा क्लास लावते म्हणाली आणि गेली थेट अंदमानला. तिथे एक छोटं जहाज प्रवाशांना बेटाबेटांवर फिरवतं आणि ही त्यांना पक्षी, मासे दाखवते. हे मला एका गिऱ्हाइकाने मोबाइलवरचा फोटो पुढे करून सांगितलं. मी त्या बाईला कढई दाखवत होते. कढई हातातच राहिली.

फोनवर विचारलं की लेक म्हणायची, "येते की अव्वा, बघू." आमच्याकडे आईला अव्वा म्हणतात. आणि 'बघू' म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. तेव्हा तिला न कळवता मी त्याच जहाजाचं तिकीट काढलं. तिकिटाचा भाव त्यांनी एका पैशानेही कमी केला नाही. तिथेच मी ओळखायला हवं होतं.

जहाजाच्या फळीवर उभी राहून ती एकेकाला हात देऊन आत घेत होती. माझा हात धरल्यावर तिने वर पाहिलं.

"अव्वा?"

"हाव. तिकीट काढून आले. फुकट न्हाई."

"भांडायला आलीस?"

"न्यायला आले."

ती हसली आणि मागच्या लोकांना म्हणाली, "ही माझी आई." मग खाली वाकून माझ्या जीवरक्षक जाकिटाचे पट्टे आवळले. अगदी दुसऱ्या कुणाचे आवळावेत तसे.

जहाज लहान, माणसं मोजकी, तरी लेक एकटी सापडेना. पहाटे ती लोकांना घेऊन बेटावरच्या जंगलात जायची. मी पंजाबी ड्रेस घालून मागे मागे. पायवाटेवर मगरीएवढी घोरपड आडवी आली, सगळे श्वास रोखून उभे राहिले, आणि मी लेकीच्या कानाशी म्हणाले, "वरच्या मजल्याचं सगळं तुझ्या हाताखाली देते." ती म्हणाली, "हळू बोल, ती पळंल." दुपारी तोंडावर काच बांधून पाण्यात उतरवलं. पोहायला मी लहानपणी विहिरीत शिकले होते. काचेतून खाली पाहिलं तर निळ्या-पिवळ्या माशांचा थवा माझ्या पोटाखालून निघाला होता. खोटं का बोलू, क्षणभर मी दुकान विसरले. लगेच स्वतःचाच राग आला. वर येऊन म्हणाले, "लग्नाचं नाव काढणार न्हाई. झालं?" तिने विचारलं, "काच घट्ट हाय ना? पाणी यायलंय का?"

प्रत्येक बेटावर माझा एकेक शब्द वाया गेला. परतायला एकच दिवस उरला. हिला न घेता परत गेले तर त्या दुकानात मी कुणासाठी बसायचं?

त्या सकाळी आम्ही कयाक, म्हणजे एका माणसाच्या अरुंद होड्या घेऊन खारफुटीच्या खाडीत गेलो. खाडीच्या एका कडेला पाण्याखाली गवताचं कुरण आहे. तिथे डुगाँग चरायला येतो. लेक त्याला समुद्रगाय म्हणते. नोकरी लागल्यापासून तिला ती एकदाही दिसली नव्हती. तिचा नियम असा, की तिने हात वर केला की वल्ही पाण्याबाहेर आणि तोंडं बंद.

मी माझी होडी तिच्या होडीला नेऊन लावली.

"शेवटचं इचारते. येतीस का न्हाई?"

"आत्ता नको अव्वा. लोक हायेत."

"लोकांना बगळे दाखवायला वेळ हाय. आईला हो-न्हाई सांगायला न्हाई?"

"उत्तर तुला म्हाईत हाय."

बाजारात एक शेवटचा डाव असतो. भाव जमेना की वस्तू खाली ठेवायची, उठायचं आणि चालू लागायचं. चार पावलांत मागून हाक येते. मी जन्मभर हा डाव खेळले आणि मला तो कधी दगा देऊन गेला नव्हता. मी होडी वळवली आणि खाडीच्या तोंडाकडे वल्हं मारत निघाले. सगळा जीव कानात.

हाक आली नाही. आणखी थोडं पुढे गेले. मग वळून पाहिलं. लेकीचा हात वर होता आणि तिची पाठ माझ्याकडे होती. तिच्याभोवतीच्या सगळ्या होड्या थिजल्या होत्या. मला जे समजायचं ते समजलं आणि डोकं भडकलं. जाऊ दे, म्हटलं, आता थांबायचंच नाही.

खाडी संपली तिथे पाणीच बदललं. ओहोटी लागली होती. होडी माझं ऐकेना. उजवीकडे वल्हं मारलं तरी नाक समुद्राकडेच. झाडांची रांग बोटभर झाली. विहिरीला काठ असतो, कुठेही हात टाकला तरी दगड लागतो. इथे काही नव्हतं. लाटेने होडी तिरपी झाली, मी कडा धरायला गेले आणि वल्हं निसटून गेलं. शेवटी हाक मीच मारली. तिचं नाव घेऊन, घसा फाटेपर्यंत.

ती आधीच निघाली होती. आली, दोरी बांधली आणि मला ओढत परत निघाली. सगळ्या वाटेत मला फक्त तिची पाठ दिसत होती, आणि जोर लावताना खांद्याला पडणारा खळगा.

जहाजावर आल्यावर तिने मला टॉवेल दिला, चहा दिला. मी विचारलं, "गाय आली होती?"

"हाव."

"आधी कोन दिसलं? ती, का मी चालले ते?"

"खोटं बोलू का अव्वा? ती. दोनदा श्वास घ्यायला वर आली. मग तू कुठंय म्हणून पाहिलं, तर तू लई लांब होतीस."

मग मी उतरत गेले. अशी मी कधी कुणापुढे उतरले नव्हते. कायमची नको, एक वर्ष ये. बरं, सहा महिने. पावसाळ्यात तुमचं जहाज बंद असतं, तेवढंच ये. दिवाळीपुरती ये. समोरून आकडा येईना आणि मी खाली खाली जात राहिले. ती माझे ओले केस पुसत राहिली.

"सुट्टीत येईन," ती म्हणाली. "तुला भेटायला. दुकानात बसायला न्हाई."

"मग त्या दुकानाचं मी काय करू?"

"विक," ती म्हणाली. रागाने नाही. मी गिऱ्हाइकाला डब्याचं झाकण कसं लावायचं ते सांगते, तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर नवे प्रवासी आधीच येऊन थांबले होते. ओल्या फळ्यांवर वाकून ती माझ्या पाया पडली आणि त्यांच्या बॅगा उचलायला वळली. विमानतळाकडे नेणाऱ्या टॅक्सीवाल्याने विचारलं, जहाज आवडलं का. म्हटलं, माझी लेक आहे तिथे कामाला. "मग काय," तो म्हणाला, "दर साली येत जा." मी त्याला असं झापलं, की विमानतळ येईपर्यंत तो बोलला नाही.