गेली का गं ती?

मी पोटासाठी भुतं बघते. सिनेमातली, मालिकांतली, वेबसिरीजमधली. मग ती नीट घाबरवतात की नुसतीच केस सोडून फिरतात, यावर लिहिते. नोकरी कुणाची नाही. दोन-तीन वेबसाइट, एक मासिक, जो मागेल त्याला लेख. मुरुडला बसून असलं काम करता येतं हे आमच्या आळीत अजून कुणाला पटलेलं नाही. "दिवसभर टीव्ही बघते आणि वर पैसे मिळतात म्हणे," असं माझ्याबद्दल बोललं जातं. त्यात खोटं काहीच नसल्यामुळे मला धड रागावताही येत नाही.

हा नाद आईमुळे लागला. आई तळा तालुक्यातल्या खेड्यातली, भातशेतीच्या घरातली, लग्न होऊन मुरुडला आली. तिला भुताच्या मालिका जिवापाड आवडत आणि बघवत मात्र अजिबात नसत. माझ्या लहानपणी आठवड्यातून एकदा, जेवणं उरकली की, तसली मालिका लागे. कुठेतरी दार करकरलं की आई पदर डोळ्यांवर ओढून घेई आणि आतून विचारी, "गेली का गं ती?" ती म्हणजे त्या आठवड्याला जी कुणी असेल ती. विहिरीतली, आरशातली, माळ्यावरची. बघायचं काम माझं. मी डोळे फाडून बघे आणि सांगे, "न्हाय अजून. जिन्यावर हाय. आता वळली. हां, गेली." मग पदर खाली येई आणि आई दोन मिनिटं शहाण्यासारखी मालिका बघे.

या कामाला एक नियम होता. खोटं बोलायचं नाही. माझ्या मामेभावाने एकदा गंमत म्हणून, ती पडद्यावर असतानाच, "गेली" सांगून टाकलं. आईने पदर काढला आणि अशी किंचाळली की शेजारचे धावत आले. तो आज स्वतःचे दोन ट्रक बाळगून आहे, आत्याला काय हवं नको ते पनवेलहून घेऊन येतो, पण त्या कामावर आईने त्याला पुन्हा कधी घेतलं नाही.

तिची दुसरी अट अशी, की शेवट आधी सांगायचा. "शेवट सांग, मग बघते." कोण मरतं, कोण वाचतं, ती बाई कोण निघते, सगळं. ते कळलं की आईच्या जिवाला जरा धीर यायचा आणि मग ती खुशाल घाबरायला मोकळी व्हायची. पुढे मी समीक्षक झाले तेव्हा कळलं, की शेवट फोडणं हे या धंद्यातलं महापाप आहे. एकदा माझ्या एका ओळीवरून खुनी कोण याचा वाचकांना अंदाज आला, तर त्यांनी कॉमेंटमध्ये माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या सात पिढ्यांतली एक तेव्हा माझ्या शेजारी बसून "मग पुढे काय होतं?" विचारत होती.

मागच्या वर्षी, गणपती होऊन गेले होते तेव्हा, मी एका दुपारी बाजारातून बोंबील घेऊन आले. दारातच व्हायोलिनचा तो ओळखीचा आवाज आला. आई खुर्चीत बसलेली, पदर डोळ्यांवर. मला बरं वाटलं. मग टीव्हीकडे बघितलं. टीव्ही काळा होता. आमच्याकडची खारी हवा कशालाच सोडत नाही. टीव्हीचा उजेड गेला होता, आवाज तेवढा उरला होता. आईने पदर काढला, त्या काळ्या काचेकडे बघत राहिली, कुणीतरी विनोद केला तेव्हा हसली, आणि पुन्हा व्हायोलिन वाजलं तेव्हा पुन्हा पदर ओढला.

"काय बघतेस?" मी विचारलं.

"तीच गं. बंगल्यातली."

"दिसतंय ना?"

"न दिसायला काय झालं?"

मी पिशवी तशीच हातात धरून उभी राहिले. बोंबलांचं पाणी पायावर ठिबकत होतं आणि मला रडू येत होतं. किती दिवस ही बाई नुसत्या आवाजावर सिनेमे बघत होती कोण जाणे, आणि मला कळू नये म्हणून योग्य जागी पदरही ओढत होती.

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन साधं आहे, एका वेळी एकच डोळा, पण फार उशीर केला तर नजर परत येईलच असं नाही. आईने मान डोलावली. ठरलेल्या दिवशी गेलो, डोळ्यांत थेंब घातले, डोक्याला टोपी घातली. मी खाली औषधं आणायला गेले आणि वर येते तर आई गायब. नर्स घाबरली, मी घाबरले. शेवटी सापडली ती स्टँडवर, मुरुडच्या एसटीत, खिडकीजवळ, डोक्यावर दवाखान्याची ती हिरवी टोपी. त्या धुरकट नजरेने ती रिक्षात बसून तिथवर पोचली होती.

"मढं झाकतात तसं तोंड झाकतात ते," आई म्हणाली. "त्या पुढच्या बाईचं झाकलं, मी बघितलं. मला न्हाय जमायचं."

"आणि तू जन्मभर काय करत आलीस? पदर कुणाच्या तोंडावर असतो?" मी चिडले होते. टोपीही तिने काढू दिली नव्हती.

"तो माझा पदर हाय. मला पायजे तवा काढते."

गाडी सुटली. रेवदंडा येईपर्यंत मी बाहेर बघत बसले. आईला डोळे झाकायची भीती नव्हती. झाकलेलं आपल्या हाताने काढता येणार नाही, आणि पुढे काय येणार ते सांगायला कुणी नाही, याची होती. म्हणजे तिला जे हवं होतं ते मला येत होतं. शेवट आधी सांगायचा.

पण सांगायला आधी बघायला हवं. इथे माझी एक गोची आहे. मुंडकी उडतात, आतडी बाहेर येतात, ते मी चहात पाव बुडवून खात बघते. डोळ्याजवळ काही टोकदार आलं की मात्र माझी पाचावर धारण बसते. मोबाइलवर त्या ऑपरेशनचा पहिला व्हिडिओ लावला आणि चिमट्याने पापणी फाकवली तशी मी मोबाइल गादीवर फेकून दिला. दुसऱ्या दिवशी ओढणीआडून बघितला. आत अंधार, आणि "गेलं का?" म्हणून विचारायला कुणी नाही. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. तरी रोज थोडा थोडा पुढे नेला. शेवटी एक दिवस ओढणी न घेता सबंध बघितला. मग डॉक्टरीणबाईंना फोन करून त्यांची पद्धत नीट विचारून घेतली.

आई लसूण सोलत होती, हातांच्या अंदाजाने. मी समोर बसले.

"एक पिच्चर सांगते," म्हटलं. "शेवट असा, की बाई वाचते. तिला चहा-बिस्किटं देतात आणि ती मुरुडच्या गाडीने घरी येते."

आईला लगेच कळलं. पण ती उठली नाही. "मधी काय होतं?"

"आधी थेंब. मग सुई."

लसूण थांबला. इथे "सुई नाही" म्हणणं सोपं होतं, आणि मोह झाला हे खरं. "डोळ्यात नाही, डोळ्याच्या बाजूला. एकदाच. दुखतं, मग बधिर होतं. मग कापड. तोंड झाकतात, पण डोळ्यापुरतं भोक असतं. श्वास घेता येतो. बोलता येतं. मग खूप उजेड, पाण्याखालून वर बघावं तसा. काहीतरी हललेलं वाटतं. कानाकडे पाणी ओघळतं. तेव्हा आतली जाळी काढत असतात. मग बारीकशी काच बसवतात. मग पट्टी."

"आणि चहा."

"आणि चहा."

तिने पुन्हा सोलायला घेतलं. त्या दिवसापासून तिने मला तो पिच्चर इतक्या वेळा सांगायला लावला, की पुढे पुढे मी एखादी गोष्ट विसरले तर तीच आठवण करून द्यायची. "सुई राहिली तुझी." शेजारणींनाही सांगून झाला. मग एका सकाळी ती स्वतःच म्हणाली, "चल, बघून येऊ."

ऑपरेशनच्या खोलीत मला जाऊ देणार नव्हते. दारात मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. "आई मधेच 'गेली का गं ती' असं विचारेल. झालं नसेल तर झालं म्हणू नका. काय चाललंय ते सांगा फक्त." बाईंनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण मान डोलावली.

मी बाहेरच्या बाकड्यावर बसले. आईचा आवाज मुळातच मोठा. "आता सुई ना? मारा," ऐकू आलं. मग "कापड का? घाला." मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग, "गेली का गं ती?"

मी उठून उभी राहिले. जन्मभर हा प्रश्न मला विचारला गेला होता, आणि आता मला काहीच दिसत नव्हतं. दाराआडून काय सांगणार?

"नाही आजी, अजून आहे," बाई म्हणाल्या. "थोडी राहिलीय. हलू नका. आता सुटली... हं. गेली."

मी बाकड्यावर बसून ढसाढसा रडले. समोरच्या आजोबांना वाटलं आमचं कुणी गेलं. ते उठून पाणी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आईने मला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, "किती वाळलीस. आणि केस कधी पिकले?" घरी आल्यावर कोळिष्टकं दिसली, मग तर विचारूच नका. मामेभावाने ट्रकमधून नवा टीव्ही आणला. तो जोडायची त्याला परवानगी मिळाली.

परवा दुपारी एका नव्या सिनेमावर लिहायचं होतं म्हणून आम्ही दोघी बसलो. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मी सवयीने तोंड उघडलं, तर आईचा पदर खांद्यावरच. "अगं, एवढीशी पोर ही!" आई म्हणाली. "तोंडाला पीठ फासलंय नुसतं. हिला भ्यायचं?" मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. माझी इतक्या वर्षांची जागा गेली होती.

मग पडद्यावर कुणीतरी एका माणसाला खुर्चीला बांधलं, हातात दाभण घेतलं आणि ते त्याच्या डोळ्याकडे नेऊ लागलं. मी ओढणी कधी ओढली मला कळलं नाही. आत अंधार, बाहेर व्हायोलिन.

"गेलं का गं?" मी विचारलं.

"न्हाय अजून," आई म्हणाली. तिचा हात माझ्या गुडघ्यावर आला. "थांब. मी बघते हाय."